आईच्या पासबुकातले ३९९ रुपये: ऑटोपे, वर्गणी आणि आपली तक्रार

रानजाई (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. यातल्या निम्म्या गोष्टी मला गेल्या आठवड्यात कळल्या. आधी कळल्या असत्या तर आईचे सहा महिने असे गेले नसते.

आई सांगली जिल्ह्यात तासगावला एकटी राहते, वय ७१. बाबांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यात ती सगळं बसवते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जायचं, यंत्रात पासबुक सरकवून छापून आणायचं आणि दुपारी चहा घेत एकेका ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. परवा रविवारी गेले तेव्हा पासबुक टेबलावर उघडंच होतं. सहा ओळींपुढे बरोबरची खूण नव्हती. बारीक प्रश्नचिन्ह होतं. सहाही ओळी ३९९ रुपयांच्या, दर महिन्याला एक.

विचारलं तर म्हणाली, "बँकेचं काहीतरी असेल." पुन्हा विचारल्यावर उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "मीच काहीतरी दाबलं असेल गं. तुला सांगितलं असतं तर तू रागावली असतीस."

झालं होतं असं. गेल्या श्रावणात तिने स्तोत्रं आणि आरत्या ऐकायला एक अ‍ॅप घेतलं. '७ दिवस फक्त १ रुपयात' अशी जाहिरात होती. तिने १ रुपयासाठी यूपीआयचा पिन टाकला. आठव्या दिवसापासून दरमहा ३९९. पासबुकात अ‍ॅपचं नाव येत नाही, त्यांच्या कंपनीचं भलतंच नाव येतं, तेही अर्धवट छापलेलं. तिला संबंध लागणार कसा? आणि वर तिचं म्हणणं, "पण ते अ‍ॅप तर मी गणपतीतच काढून टाकलं." खरंच काढलं होतं. फोनमध्ये त्याचा मागमूस नव्हता. पैसे मात्र जातच होते.

शोधताना कळलं की बँक दर वेळी आधी संदेश पाठवते. आईच्या फोनमध्ये न वाचलेले हजारावर संदेश आहेत: कर्ज घ्या, रमी खेळा, प्लॉट घ्या. त्या ढिगात ते सहाच्या सहा संदेश सापडले. सगळे इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही.

एकूण २३९४ रुपये. तुमच्या-माझ्या हिशेबात ही रक्कम कदाचित मोठी नसेल, पण तिच्या औषधांचा महिन्याभराचा खर्च याहून कमी आहे. अ‍ॅपचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार करायची आहे.

हे पैसे परत मिळू शकतात का? आणि तक्रार नेमकी कुठून सुरू करायची?

---

रोखपाल_५८ | सोमवार, रात्री १०:१५

ताई, आधी ते ऑटोपे, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद केलंत का? नसेल तर आज रात्रीच करा. पण बंद करण्याआधी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. कोणाच्या नावे, कधीपासून, जास्तीत जास्त किती रक्कम, हे सगळं त्यावर असतं.

बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून थोडं समजावतो. पूर्वी आवर्ती ठेवीसाठी शाखेत अर्ज द्यायचो ना, 'दर महिन्याला माझ्या खात्यातून इतके वळते करा', तीच ही परवानगी. हिला आता मँडेट म्हणतात. ही अ‍ॅपमध्ये राहत नाही. बँक आणि यूपीआय यांच्याकडे नोंदलेली असते. म्हणून फोनमधलं अ‍ॅप काढून टाकलं तरी ती जागच्या जागी जिवंत. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून १ रुपया दिला होता, त्यातच 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा असते. तिथे जाऊन रद्द करायचं.

वर्गणी तीन ठिकाणी लपलेली असू शकते: यूपीआयच्या ऑटोपेमध्ये, फोनच्या अ‍ॅप स्टोअरच्या खात्यात, किंवा कार्डावर. तिन्ही तपासा.

कार्ड आणि यूपीआयवरून होणाऱ्या अशा आपोआप वजावटीचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. नोंदणी करताना पिन किंवा ओटीपी लागतोच. पुढच्या प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि ग्राहकाला नको म्हणायची सोय द्यावी लागते. मात्र ठरावीक रकमेच्या आतल्या वजावटीला दर वेळी पिन लागत नाही. ती मर्यादा आधी ५००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. ३९९ त्यात अलगद बसतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे शाखेत जाऊन निराश व्हायला नको. फसवणुकीच्या व्यवहारांत ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. ते इथे लागू होणं अवघड आहे, कारण पिन आईंनीच टाकला. तुमची लढाई बँकेशी नाही, त्या अ‍ॅपवाल्याशी आहे.

---

जास्वंद | सोमवार, रात्री १०:३२

रानजाई, वाचून पोटात कालवलं. 'तू रागावली असतीस' हे वाक्य आमच्या घरातही ऐकलंय. माझ्या सासऱ्यांनी फोनच्या विम्याचे ९९ रुपये वर्षभर असेच भरले आणि कोणालाही सांगितलं नाही.

---

स्पष्टच_सांगतो | मंगळवार, सकाळी ७:५०

कोणाला राग येईल, पण दुसरी बाजूही लिहितो.

माझा नाशिकला छोटा व्यवसाय आहे. दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो, मासिक वर्गणीवर देतो. सात माणसांचे पगार त्यावर चालतात. लोक वर्गणी घेतात, सहा महिने वापरतात आणि मग 'मला माहीतच नव्हतं' म्हणून सगळे पैसे परत मागतात. पिन टाकताना पडद्यावर रक्कम दिसते. अटी मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रौढ माणसाने आपल्या सहीची जबाबदारी घ्यायची की नाही? प्रत्येक वेळी कंपनी चोर आणि ग्राहक बिचारा, हे मला पटत नाही.

आणि २३९४ रुपयांसाठी ग्राहक आयोगात जाणार? प्रवासात त्याहून जास्त जातील.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:२०

स्पष्टच_सांगतो, राग नाही आला. पण पडद्यावर काय दिसतं ते मी काल रात्री पाहिलं. दुसऱ्या फोनवर तेच अ‍ॅप घेऊन पैसे देण्याच्या पायरीपर्यंत गेले. मधोमध मोठ्या ठळक अक्षरांत '₹१'. त्याखाली भगव्या रंगाचं 'सुरू करा'. त्याच्याही खाली, पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत एक इंग्रजी ओळ की चाचणीनंतर दरमहा ३९९ रुपयांपर्यंत वजा होतील. अ‍ॅप पूर्ण मराठीत आहे. स्तोत्रं मराठीत, बटणं मराठीत, सूचना मराठीत. तेवढी एक ओळ तेवढी इंग्रजीत.

माझ्या आईने सही केली ती त्या मोठ्या अक्षरांवर. तुम्ही तुमच्या ग्राहकांना रक्कम त्यांच्या भाषेत, ठळक दाखवत असाल तर तुमच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

---

शाईपेन | मंगळवार, सकाळी ११:०५

वकिली करते, ग्राहकांची प्रकरणंही चालवते, म्हणून लिहिते.

'पिन टाकला म्हणजे संपलं' असं कायदा म्हणत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. फसव्या मांडणीचे १३ प्रकार त्यात नावानिशी दिलेत. त्यातला एक आहे वर्गणीचा सापळा. वर्गणी रद्द करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं, रद्द करायची जागा लपवणं हे तर त्यात येतंच. फुकट वर्गणीसाठी ग्राहकाला पैशांचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी द्यायला भाग पाडणं हेसुद्धा येतं. तुमची १ रुपयाची चाचणी शब्दशः फुकट नाही, असा बचाव ते करतील. पण महत्त्वाची माहिती फिकी करून ग्राहकाची नजर दुसरीकडे वळवणं हा त्याच यादीतला वेगळा प्रकार आहे. तुमच्या प्रकरणात मी दोन्ही लिहीन.

सुरुवात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यापासून करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्याचं नाव, पद आणि संपर्क अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर द्यावाच लागतो. अ‍ॅपमधल्या गप्पांच्या खिडकीत लिहू नका, तिथे यंत्र उत्तर देतं आणि उद्या ते संभाषण गायब होतं. ईमेलच करा. ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पत्र आईच्या नावाने लिहा, कारण ग्राहक त्या आहेत. तारखा, सहा रकमा, पासबुकाच्या पानांचे फोटो, आणि तुम्ही काल पाहिलेल्या त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडा. तो उद्या बदललेला असू शकतो, आजच घ्या.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. क्रमांक १९१५. १७ भाषांत चालते, मराठीत बोला. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. हे न्यायालय नाही, पण बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर पैसे परत करतात, कारण नोंद सरकारदरबारी होते.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. स्पष्टच_सांगतो यांच्या प्रवासाच्या मुद्द्याचं उत्तर २०१९ च्या कायद्यात आहे. पूर्वी साधारणपणे कंपनी जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळूरची, तिला सांगलीच्या आयोगापुढे उत्तर द्यावं लागेल. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणी मागता येते. घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे.

अटींमध्ये 'वाद लवादाकडेच जाईल', म्हणजे न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाकडे, असं लिहिलेलं आढळेल. घाबरू नका. त्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली पक्कं झालंय.

---

कडूलिंब | मंगळवार, दुपारी १:१०

शाईपेन ताई, सगळं बरोबर, पण वेळेचं खरं सांगा ना लोकांना. मी ऑनलाइन घेतलेल्या फ्रिजसाठी तक्रार केली होती. पाठवलेला फ्रिज दबलेला, बदलून देईनात. निकाल माझ्या बाजूने लागला, पैसे आणि खर्चाचे ५००० मिळाले. पण लागले १४ महिने. तीनदा तारीख पुढे गेली.

---

शाईपेन | मंगळवार, दुपारी २:४०

खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. कायद्यात नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं. रिक्त पदं, तारखा, सगळं आहे. एक मात्र सांगते. कंपनीने उत्तर ३० दिवसांत द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असा मार्च २०२० चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निर्णय आहे. पूर्वी कंपन्या नुसतं उत्तर द्यायलाच वर्ष लावायच्या. तेवढा तरी वेळ वाचला.

---

पारवा | मंगळवार, रात्री ११:३०

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको, असं चाललं होतं. लिहितेच.

मी चार वर्षं एका कंपनीत अ‍ॅपचे पडदे आखायचं काम करायचे. कंपनीचं नाव सांगणार नाही. आमचंही अ‍ॅप भक्तिसंगीताचंच होतं. रानजाई, तुमच्या आईचं अ‍ॅप आमचंच होतं की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही वर्णन केलेला पडदा मी ओळखते. ठळक ₹१, भगवं बटण, फिकी ओळ. ती ओळ किती फिकी असावी यावर आमच्याकडे चर्चा झाली होती. दोन छटा करून निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरी दाखवली गेली. जिच्यात जास्त लोकांनी पिन टाकला ती ठेवली.

रद्द करायचं बटण आधी पहिल्याच पानावर होतं. मग ते 'खाते'च्या आत गेलं, मग 'सेटिंग्ज'च्या आत, मग 'मदत'च्या आत. प्रत्येक पायरीला काही लोक गळतात. गळतात म्हणजे रद्द करायचं सोडून परत जातात. आठवड्याच्या बैठकीत तो आकडा वर गेला की टाळ्या वाजायच्या.

आणि ज्या गोष्टीसाठी मला हे लिहावंसं वाटलं ती ही. रद्द करताना शेवटी दोन बटणं यायची. एक भगवं, 'सेवा सुरू ठेवा'. दुसरं राखाडी. त्या राखाडी बटणावरचा मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण संघात मराठी मीच होते. मी लिहिलं, 'नको, मला देवाच्या नामाची गरज नाही'.

तुम्ही विचार करा, तासगावात एकटी राहणारी ७१ वर्षांची बाई ते बटण दाबेल का? माझी आजी दाबणार नाही. मला तेव्हाही ते माहीत होतं. म्हणूनच तो मजकूर मंजूर झाला.

शाईपेन यांनी सांगितलेल्या १३ प्रकारांत यालाही नाव आहे, ग्राहकाला लाजवून थांबवणं. सूचना आल्या तेव्हा ते वाक्य काढलं गेलं. बटण मात्र 'मदत'च्या आतच राहिलं. मी पुढे नोकरी सोडली, कारणं इतरही होती. रानजाई, तक्रारीत 'मांडणी जाणूनबुजून केलेली आहे' असं खुशाल लिहा. असे पडदे चुकून होत नाहीत.

---

जास्वंद | बुधवार, सकाळी ६:५५

पारवा, हे लिहायला धाडस लागतं. धन्यवाद.

---

स्पष्टच_सांगतो | बुधवार, सकाळी ९:१५

पारवा यांचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून स्वतःचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ग्राहक म्हणून रद्द करायला गेलो. आमच्याकडे रद्द करायचं बटणच नाही. 'आम्हाला फोन करा' असं लिहिलंय आणि फोन १० ते ५ उचलला जातो. मी हे मुद्दाम केलं नव्हतं, सुरुवातीला ग्राहक २० होते तेव्हा फोनवरच सगळं चालायचं. पण आज ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर परिणाम तोच आहे.

कामावरच्या मुलांना सांगितलंय, महिन्याभरात बटण लागलं पाहिजे. फुकट मागणाऱ्या ग्राहकांबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण या बाबतीत माझी चूक होती.

---

हायडेलबर्गकर | बुधवार, दुपारी ३:२०

इकडचा अनुभव सांगतो, कारण हेच दुखणं इथेही होतं. जर्मनीत जिमची किंवा मोबाइलची वर्गणी सोडायची तर सही करून पत्र टाकावं लागायचं. एक दिवस उशीर झाला की पुढचं अख्खं वर्ष गळ्यात.

आता दोन बदल झालेत. १ मार्च २०२२ नंतरच्या करारांत, ठरलेली पहिली मुदत संपली की कंपनी वर्षभरासाठी आपोआप बांधून घेऊ शकत नाही. कधीही एका महिन्याच्या सूचनेने सुटता येतं. आणि १ जुलै २०२२ पासून, जी वर्गणी संकेतस्थळावरून घेता येते तिच्या संकेतस्थळावर 'करार इथे रद्द करा' असं स्पष्ट अक्षरांचं बटण हवंच. त्यासाठी आधी लॉगिन करायला लावणंही चालत नाही. मी वर्षापूर्वी एक मासिक त्याच बटणाने बंद केलं. दोन मिनिटं लागली, लगेच ईमेलवर पोच आली. बटण नसेल तर ग्राहकाला कधीही, सूचनेच्या मुदतीशिवाय, करार मोडता येतो. मला वाटतं हीच त्यातली खरी ग्यानबाची मेख आहे. भारतातल्या सूचनांत सापळ्याची व्याख्या चांगली आहे, पण बटण कुठे आणि कसं असावं हे इतकं नेमकं सांगितलेलं नाही.

---

एडिसनवासी | बुधवार, संध्याकाळी ७:०५

अमेरिकेतलं ताजं प्रकरण अ‍ॅमेझॉनचं. लोकांना न कळत प्राइम या त्यांच्या वर्गणीच्या योजनेचं सभासद करून घेणं आणि सोडणं अवघड करणं, या आरोपांवर त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी २.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले १.५ अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी. आयोगाच्या तक्रारीत आहे की प्राइम सोडण्याच्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत 'इलियड' म्हणायचे, त्या नावाच्या लांबलचक ग्रीक युद्धकाव्यावरून. पारवा यांनी लिहिलंय तसंच, आतल्या लोकांना सगळं माहीत असतं.

---

रोखपाल_५८ | बुधवार, रात्री ९:३०

आपल्याकडे काहीच होत नाही असं कोणी समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने रिक्षा-दुचाकी बोलवायच्या रॅपिडो अ‍ॅपला १० लाखांचा दंड केला. '५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये मिळवा' अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात मिळायचे ते ५० रुपये नव्हेत, '५० पर्यंत' कॉइन (अ‍ॅपमधलेच गुण), तेही फक्त दुचाकीच्या फेरीसाठी आणि ७ दिवसांत संपणारे. ज्यांना ५० मिळाले नाहीत त्यांना ते द्यायला सांगितलं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला आदेश होता की परतावा कूपनमध्ये हवा की बँक खात्यात, हे ग्राहक ठरवेल.

हे दुसरं रानजाई ताईंच्या कामाचं आहे. अ‍ॅपवाला 'तुमच्या वॉलेटमध्ये जमा करतो' म्हणेल. नको म्हणा. पैसे खात्यातून गेले, खात्यातच यायला हवेत.

थोडं अवांतर. मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा आमच्या चाळीत मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता. ही संस्था १९७५ ची. महिन्याचा किराणा सगळी घरं मिळून घ्यायची, जिन्याखाली गोणी उतरायच्या आणि बायका तराजू घेऊन स्वतः वाटप करायच्या. डाळीत खडा निघाला तर ती तक्रार एका घराची राहत नसे, सगळ्या संघाची व्हायची. आता प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये एकटा आहे. ताईंच्या आईंनी सहा महिने प्रश्नचिन्ह काढलं आणि कोणाला दाखवलं नाही, ते वाचून मला तो जिना आठवला.

---

नीरगाठ | गुरुवार, सकाळी १०:००

हा धागा वाचून काल रात्री घरातल्या चारही फोनांची झडती घेतली. आईच्या फोनवर एक, माझ्या स्वतःच्या फोनवर तीन मँडेट चालू निघाली. त्यातलं एक अशा ओटीटीचं, जे मी दीड वर्षात उघडलेलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो.

---

रानजाई | पुढच्या आठवड्यातला शनिवार, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांना कळवायचं होतं, उशीर झाला.

मंगळवारीच शाईपेन ताईंनी सांगितल्याप्रमाणे आईच्या नावाने ईमेल केली, जोडीला १९१५ वर तक्रार. पत्राचा मसुदा मी केला होता, पण आईला वाचून दाखवल्यावर तिने एक वाक्य घालायला लावलं: 'मी श्रावणात स्तोत्रे ऐकण्यासाठी १ रुपया दिला होता, त्याहून अधिक देण्याचे मी कधीही कबूल केलेले नाही.' तसंच ठेवलं.

पोच तिसऱ्या दिवशी आली, म्हणजे ४८ तास उलटून गेल्यावर. तीही इंग्रजीत. त्यानंतर एका मुलाचा फोन आला. आवाजावरून विशीतला. सौजन्याने बोलला. म्हणाला, "मॅडम, मागच्या एका महिन्याचे परत करू शकतो, बाकीचे अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये देतो." मी म्हटलं, अ‍ॅपच फोनमध्ये नाही, वॉलेट कुठे शोधायचं? लेखी कळवा, नाहीतर पुढची तक्रार सांगलीच्या आयोगात होईल. काल सहापैकी चार महिन्यांचे १५९६ रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्या दोन महिन्यांबद्दल 'अ‍ॅप तेव्हा वापरलं गेलं होतं' असं त्यांचं म्हणणं आहे. त्यातल्या एका महिन्यात आईने खरंच ऐकलं होतं, तिनेच सांगितलं. दुसरा महिना अ‍ॅप काढून टाकल्यानंतरचा आहे. त्या ३९९ साठी मी उत्तर पाठवलंय आणि महिना पुरा व्हायची वाट बघतेय. नाही आले तर ई-जागृतीवर तक्रार तयार आहे, शाईपेन ताईंनी मसुदा नजरेखालून घातलाय. त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

आज सकाळी आईचा फोन आला होता. पासबुक छापून आणलं म्हणाली. जमा झालेल्या ओळीपुढे खूण केली. मग म्हणाली की शेजारच्या दोघी काकू दुपारी त्यांची पासबुकं घेऊन येणार आहेत, एकीच्या पासबुकात दर महिन्याला १४९ रुपये कशाचे जातात ते कळत नाहीये. "तो ऑटोपेचा पडदा कुठे असतो तेवढं परत एकदा सांग, मी वहीत लिहून घेते."

रोखपाल काका, यूपीआय अ‍ॅप वेगवेगळी असतील तर त्यात ऑटोपे कुठे सापडतं, हे मराठीत लिहून द्याल का? मोठ्या अक्षरांत छापून तिला पाठवते.

---

रोखपाल_५८ | शनिवार, रात्री ८:५०

आज रात्रीच बसतो. तीन-चार अ‍ॅपची पडद्यांसकट टिपणं करून उद्या दुपारपर्यंत इथेच टाकतो. काकूंकडे कोणती अ‍ॅप आहेत तेवढं आईंना विचारून कळवा.